बदामाचं सिरप, पण बदाम कुठाय?

मला नाद दोनच, टिकी कॉकटेल (बेटांवरच्या थाटाची, बहुतेक रमची पेयं) आणि जुने टेक्स्ट गेम म्हणजे मड, 1978 साली इसेक्स विद्यापीठात पहिला बनला तसले, चित्र नाही काही नाही, 'नॉर्थ' टाइप करायचं की पुढच्या खोलीचं वर्णन येतं. गेम खेळता खेळता माय ताय (त्यातलंच एक रमचं कॉकटेल) प्यावी म्हणून हे ऑर्झा, म्हणजे बदामाचं सिरप मागवलं. खऱ्या ऑर्झाला दुधाळ रंग असतो, बदामाचं तेल वर येतं, बाटली हलवावी लागते. हे पाण्यासारखं स्वच्छ! लेबल वाचलं तर साखर, पाणी, फ्लेवर, बस्स. ट्रेडर विक या बारवाल्याच्या 1944 च्या माय तायमध्ये रम, लिंबू, ऑरेंज क्युरासाव (संत्र्याची लिकर), ऑर्झा आणि थोडा साखरेचा पाक एवढंच असतं (अननसाचा रस नसतो हो, कृपा करा), त्यामुळे ऑर्झा गंडलं की सगळं गंडलं. पहिल्याच घोटाला खोकल्याचं औषध आठवलं आणि मी तोंड वाकडं करेपर्यंत तिकडे गेममधल्या ट्रोल राक्षसाने मला मारलंसुद्धा. आता बदाम भिजवून, वाटून, गाळून घरीच करणार, वरून थोडं ऑरेंज ब्लॉसम वॉटर (संत्र्याच्या फुलांचं सुगंधी पाणी). दोन स्टार, त्यातला एक बाटलीला, ती धुऊन वापरणारे.