एमसीआर चपला: बधिर तळव्यांसाठी सहा महिन्यांचा अनुभव
गेल्या दिवाळीच्या सुमारास बाबा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि एकाच पायात चप्पल घेऊन परत आले. दुसरी वाटेत कधी निसटली, हे आईने पायांकडे बोट दाखवेपर्यंत त्यांना कळलेच नव्हते. मधुमेहाला १९ वर्षे झाल्यामुळे पायांना मुंग्या येणे घरात नित्याचे झाले होते. पण चप्पल पायात आहे की नाही हेही समजू नये, याची मात्र मला भीती वाटली. पायांची तपासणी केल्यावर डॉक्टरांनी मागे पट्टा असलेल्या एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या, चपला वापरायला सांगितल्या.

त्या तपासणीविषयी आधी लिहायला हवे, कारण ही चप्पल नेमकी कोणती उणीव भरून काढते आणि कोणती नाही, हे मला तिथेच उमगले. डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाडसर तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. हा तंतू १० ग्रॅम भाराला वाकतो आणि तो वाकेपर्यंत दाबूनही स्पर्श कळला नाही, तर पायाचे रक्षण करणारी संवेदना हरपली आहे असे मानतात. मग १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर धरला. त्याची थरथर त्वचेच्या खोल थरातले, कांद्यासारखे पापुद्रे असलेले संवेदक टिपतात. शेवटी त्यांनी अंगठा दोन्ही कडांनी चिमटीत धरून हळूच वर-खाली केला. तो कडांनीच का धरायचा, तर वरून किंवा खालून धरल्यास बोटाच्या दाबावरूनच दिशेचा अंदाज येतो. बाबा ठामपणे "वर" म्हणाले तेव्हा अंगठा खाली झुकलेला होता. स्नायू आणि सांधे मेंदूला जी खबर देतात, तीही वाटेतच हरवत होती. मधुमेहात शरीरातल्या सर्वांत लांब मज्जातंतूंना आधी इजा होत असल्यामुळे हे बोटांपासून सुरू होते.

आता चपलेकडे वळतो. या रबरात हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे चवड्याच्या हाडाखाली एकवटणारा दाब पसरतो. आपल्याकडे या चपलांचा वापर कुष्ठरुग्णांच्या पायांच्या काळजीतून रुजला. बोटे रोगामुळे आपोआप झडत नाहीत, तर वेदना न कळल्याने झालेल्या जखमांमुळे गमावली जातात, हे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते. बाबांच्या डाव्या चवड्यावरचे भोवरीसारखे घट्टे सहा महिन्यांत बरेच मऊ पडले आहेत आणि नवी जखम एकही झालेली नाही. मागच्या पट्ट्यामुळे चप्पल निसटत नाही. रंग काळा आणि रूप अगदी साधे आहे. बाबांची त्याबद्दल तक्रार नाही.

या जोडाआधी घेतलेल्या पहिल्या जोडाचा अनुभव मात्र वाईट होता. एका दुकानाने एमसीआर म्हणूनच दिलेल्या त्या चपलेत पट्टा बारीक खिळ्यांनी ठोकलेला होता, आणि आठवड्याभरात एका खिळ्याचे टोक आतल्या बाजूला वर आले. बाबा त्यावर दोन दिवस चालले. मोज्यावर रक्ताचा ठिपका दिसला म्हणून बरे, नाही तर आम्हाला तेही कळले नसते. तेव्हा खरेदी करताना पट्टे चिकटवलेले व शिवलेले आहेत, खिळा कुठेही नाही, हे स्वतः पाहावे. आतला थर चिमटीत दाबून पाहावा: तो सहज दबला पाहिजे आणि सोडताच पूर्ववत झाला पाहिजे. माप संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, कागदावर पाऊल आखून द्यावे.

या चपलेकडून तोल सावरण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. तोंड धुताना डोळे मिटले की बाबा आजही बेसिनपाशी डुलतात, कारण पाय कुठे आहेत हे त्यांना आता डोळेच सांगतात. उलट तळ सगळाच मऊ असेल, तर पाय अधिक डगमगतो; म्हणून खालचा थर कडक असलेलीच चप्पल घ्यावी. आम्ही बेसिनशेजारी आधाराचा दांडा बसवला आणि रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवतो.

सहा महिन्यांनी टाचेखालचे रबर चपटे झाले आहे, त्यामुळे नवा जोड शिवायला टाकला आहे. रोज सकाळी बाबांनी चप्पल घालण्याआधी मी तिच्यात हात घालून तळ चाचपतो. परवा माझ्या बोटांना मसुराएवढा खडा लागला.