पुणे ते गोवा एकट्याने सायकलवर: देशावरून की किनाऱ्याने?

पुण्याहून गोव्याला एकट्याने सायकलवर जायचंय पण रस्ता ठरत नाहीये, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही रस्ते केलेत, दोन्ही वेळा एकटाच. सगळे आधी किलोमीटर विचारतात आणि तिथंच गडबड होते, कारण खरा फरक चढांचा आणि ट्रॅफिकचा आहे.

देशावरचा रस्ता म्हणजे कात्रजचा जुना घाट, खंबाटकी, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, मग हायवे सोडून उत्तूर, आजरा, आंबोली आणि खाली सावंतवाडी. पणजीपर्यंत साधारण ४५० किमी, चार-पाच दिवसांत आरामात होतो. दर थोड्या अंतरावर धाबा आहे, लॉज आहे, काही बिघडलं तर टेम्पोला हात करता येतो. पण कोल्हापूरपर्यंतचे २३० किमी तुम्ही ट्रकच्या शेजारून जाणार, दिवसभर कानात तोच आवाज, संध्याकाळी डोकं भणभणतं. आणि नोव्हेंबरपासून ऊस सुरू होतो, म्हणजे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं म्हणजे पोचायचंच. त्याच दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात, ताजा गरम गूळ खायला जरूर थांबा. निपाणीनंतर मात्र रस्ता एकदम शांत होतो. आंबोली साधारण ७०० मीटरवर आहे, तिथून खालचा उतार मला आजही आठवतो, फक्त मधे थांबून ब्रेकने तापलेली रिम गार होऊ द्या.

किनाऱ्याचा रस्ता ताम्हिणीने माणगाव, हरिहरेश्वर आणि तिथून खाली. ६०० किमीच्या वर जातो, दहा दिवस हवेत. नकाशात समुद्राकडेनं जाणारी सपाट रेघ दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका! प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पलीकडे तेवढंच वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर चढायचं, दिवसातून चार-चार वेळा, त्यामुळे देशावर ११० किमी मारणारा माणूस इथं ६५ ला दमतो. मागं ३२ किंवा ३४ दातांचा गिअर नसेल तर सामानासकट बरेच चढ ढकलत जावे लागतील. सड्यावर ना सावली ना टपरी, तीन लिटर पाणी जवळ पाहिजेच. ब्रेक पॅडचा जास्तीचा जोड घ्या, माझे रत्नागिरीच्या आधीच झिजले होते आणि शहर येईपर्यंत प्रत्येक उतार पायी उतरलो.

पण खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटी! बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सायकल लावून कठड्याला टेकायचं, पाय मोकळे होतात, शेजारचे काका विचारतात "एकटेच? कुठनं आलात?" आणि पलीकडे पोचेपर्यंत रात्री कुठं राहायचं तेही ठरलेलं असतं. एकट्या माणसाला ही ओळख फार लागते, देशावरच्या लॉजमध्ये ती मला मिळाली नाही. घरगुती खानावळीत दुपारी फोन करून सांगायला लागतं, न सांगता रात्री आठला गेलात तर जेवण मिळेलच असं नाही. खोलीचं भाडं बऱ्याच ठिकाणी दोघांचं धरून असतं, तेव्हा एकट्याला किनारा महाग पडतो हे खरंय.

पंक्चरचं दोन्हीकडे सारखंच. गावात २६ आणि २८ इंची ट्यूब मिळते, ७०० सी ची (रोड आणि हायब्रिड सायकलच्या चाकाचं माप) आणि बारीक व्हॉल्वची मिळत नाही, दोन ट्यूब घरूनच न्या आणि पंक्चर स्वतः काढायला शिकूनच निघा.

पाचच दिवस सुट्टी असेल तर देशावरून जा, कोल्हापूरपर्यंत पहाटे लवकर निघून दुपारपर्यंत दिवस संपवा. दहा दिवस काढता येत असतील तर मी डोळे झाकून किनारा सांगेन, पहिलीच टूर असली तरी, फक्त रोज ६५ च्या वर प्लॅन करू नका. सुट्टी सातच दिवसांची असेल तर कोल्हापूरपर्यंत सायकल एसटीने न्या, आंबोलीचा घाट सायकलने उतरा, सावंतवाडीहून वेंगुर्ला, मालवण, कुणकेश्वर, देवगड असं वर रत्नागिरीपर्यंत या. गोवा आणि फेरीबोटी तेवढ्या हुकतात, बाकी दोन्हीतलं चांगलं हाती लागतं.