इंटिग्रेशनचा सराव: प्रकरणाप्रमाणे की सरमिसळ?

बारावीच्या पुस्तकात प्रत्येक पद्धतीखाली तिचीच गणितं असतात. सब्स्टिट्यूशनच्या स्वाध्यायात सगळीकडे सब्स्टिट्यूशनच चालतं, त्यामुळे हात भराभर बसतो. पण पद्धत निवडायचं काम मथळ्यानेच करून टाकलेलं असतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

ही दोन गणितं शेजारी ठेवा: 'एक्स साइन एक्स' आणि 'एक्स साइन एक्स-वर्ग'. दिसायला जुळी. दुसऱ्यात एक्स-वर्ग म्हणजे टी धरला की बाहेरचा एक्स डीटीमध्ये खपतो. उत्तर उणे अर्धा कॉस एक्स-वर्ग अधिक सी. पहिल्यात ही युक्ती चालत नाही, बाय पार्ट्सच लागतं: उणे एक्स कॉस एक्स, अधिक साइन एक्स, अधिक सी. (दुसऱ्यातला बाहेरचा एक्स काढून टाकलात, तर नेहमीच्या फलनांत उत्तरच मिळत नाही!) हा फरक सरमिसळ सरावातच डोळ्यांत भरतो. त्यात डेरिव्हेटिव्हची गणितंही घाला. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस, पण इंटिग्रल उणे कॉस. चिन्हाचा घोळ इथेच होतो. शंका आली तर उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या, मूळ फलन परत आलं पाहिजे.

सुरुवातीला सरमिसळ वैताग आणते, वेगही पडतो. सूत्रं कच्ची असतील तर प्रकरणाप्रमाणेच करा, पण तिथे रेंगाळू नका. सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० गणितं असतात, आणि त्यांच्यावर मथळे नसतात.