विकतचा ॲक्टिव्हेशनवाला प्रोग्राम की सिड आणि स्टॉकफिश?

बुद्धिबळाच्या तयारीसाठी विकतचा प्रोग्राम घ्यावा की सिड व्हर्सेस पीसी (डाव साठवायचा-शोधायचा फुकट प्रोग्राम, पुढे नुसतं सिड) टाकून त्याला स्टॉकफिश हे चाली शोधून देणारं इंजिन जोडावं, हे क्लासमधले पालक सारखं विचारतात. मी दोन्ही वापरलंय.

इंजिनच्या ताकदीवर ठरवू नका, तो प्रश्न मिटलाय. स्टॉकफिश फुकट आहे आणि यूसीआय (इंजिन जोडायची ठरलेली पद्धत) चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला जोडता येतं. पैसे जातात ते डेटाबेससाठी आणि ते वाया जातात असं मी म्हणणार नाही. ग्रँडमास्टरांनी टिपा लिहिलेले डाव मिळतात, समोरच्याचं नाव टाकलं की तो काळ्याकडून काय काय खेळतो ते झटकन दिसतं. सिडमध्येही हे होतं पण जरा शोधाशोध करावी लागते, आणि दिसायला ते जुनाट आहे, मुलांना आधी आवडत नाही.

माझं मत फिरलं ते ॲक्टिव्हेशनमुळे. पूर्वी ड्राइव्हमध्ये सीडी टाकल्याशिवाय असले प्रोग्राम सुरू व्हायचे नाहीत, कटकटच होती, पण सीडी निदान आपल्या कपाटात असायची. आता सिरियल नंबर कंपनीच्या सर्व्हरवर तपासला जातो आणि ठरावीक मशीनवरच चालतो. स्पर्धेच्या तोंडावर माझी हार्ड डिस्क गेली, नवीन एसएसडी टाकून विंडोज घातलं तर प्रोग्रामला तो लॅपटॉप दुसराच वाटला. जुनं ॲक्टिव्हेशन सोडवायचं तर ते जुन्या डिस्कवरूनच, आणि ती तर मेलेली. कंपनीला मेल टाकली, उत्तर नाही. रात्री पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार त्याची यादी) लागलं, सकाळी राऊंड, आणि लॉजच्या खोलीत प्रोग्राम नुसता ॲक्टिव्हेशन की मागत बसलेला. माझी कित्येक वर्षांची ओपनिंगची टिपणं त्याच्याच फॉरमॅटमध्ये, बॅकअप पेनड्राइव्हवर होता तरी उघडायचा कशात? क्रॅक वापरणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही, पैसे भरलेल्यालाच लागतं, याचा मला खरंच राग येतो.

सिडमध्ये ॲक्टिव्हेशन की लागत नाही, मशीनची मोजणी नाही. टिपणं पीजीएनमध्ये (डाव लिहून ठेवायचा सर्वमान्य फॉरमॅट) ठेवली की ती साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. नवीन डाव द वीक इन चेस या वेबसाइटवरून दर आठवड्याला फुकट मिळतात. आणि सिड, स्टॉकफिश दोन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली असल्यामुळे मी क्लासच्या सगळ्या मुलांना पेनड्राइव्हवर उघडपणे देऊ शकतो, विकतच्यात ते चालत नाही.

जीपीएलमध्ये विकायला बंदी नाही बरं का, फक्त घेणाऱ्याला सोर्स कोड आणि तेच हक्क द्यावे लागतात. त्यावरूनच स्टॉकफिशवाल्यांनी जुलै 2021 मध्ये जर्मनीतल्या चेसबेस या बुद्धिबळाचे प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीवर दावा लावला (वरचा माझा प्रोग्राम वेगळ्या कंपनीचा), वाद मुख्यतः त्यांच्या फॅट फ्रिट्झ 2 या इंजिनचा होता. नोव्हेंबर 2022 मध्ये तडजोड झाली आणि स्टॉकफिशचा कोड असलेले प्रोग्राम विकणं चेसबेसने थांबवलं.

आता कोणी टायटलच्या (ग्रँडमास्टरसारख्या किताबाच्या) मागे असेल, रोज समोरच्याची तयारी करत असेल, तर विकतचा घ्यायला हरकत नाही, वेळ नक्की वाचतो. रेटिंग नुकतंच लागलेल्या मुलासाठी मात्र मी सिडच टाकून देतो. विकतचा घेणारच असाल तर आधी मेल करून विचारा की मशीन अचानक बंद पडलं तर ॲक्टिव्हेशन परत कसं मिळतं आणि किती दिवसांत, आणि टिपणांची पीजीएन कॉपी दर आठवड्याला बाहेर काढून ठेवा.