तिसऱ्या ओळीतले १२७ अंश आणि माझे १२,०५० रुपये

गुहागरजवळच्या आमच्या गावात मी गेली नऊ वर्षे घरगुती आंबापोळी, कोकम आगळ आणि आमसुले यांचा व्यवसाय करते. एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, बिले आणि कुरिअरच्या पावत्या करायचा माझा कॉम्प्युटर दर वीस मिनिटांनी आपोआप बंद पडू लागला, आणि बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने केवळ एका आकड्याची भीती घालून माझ्याकडून १२,०५० रुपये काढून घेतले. मी हिशेब स्वतः ठेवते, पैशाला पैसा लावते, त्यामुळे हे लिहिताना संतापाइतकीच लाजही वाटते.

त्याने मशीनच्या भागांचे तापमान आणि व्होल्टेज दाखवणारे एचडब्ल्यूमॉनिटर हे सॉफ्टवेअर उघडले आणि तापमानाच्या यादीतल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. "ताई, १२७ डिग्री! बोर्ड जळायला आलाय. आणि हे बघा, बारा व्होल्टच्या जागी ७.९ येतायत, म्हणजे एसएमपीएससुद्धा गेला." (बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर मशीनचे सगळे भाग जोडलेले असतात; एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग.) मी गप्प बसले नव्हते. "अहो, आत्ताच बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) ७१ अंश आणि १२.०९ व्होल्ट दिसत होते, मग हे वेगळे कसे?" असे मी त्याला स्पष्ट विचारले. "बायोसमध्ये लोड नसतो, ताई, ते धरायचं नसतं," असे तो म्हणाला, आणि पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी खोळंबलेल्या असताना मी त्याच्याशी किती वाद घालणार होते? मदरबोर्डचे ८,४००, एसएमपीएसचे २,९५०, मजुरीचे १,२००, त्यातून जुन्या बोर्डाचे ५०० वजा. १०,००० फोनवरून दिले आणि उरलेले रोख. हातात आली ती 'कॉम्प्युटर रिपेअर' एवढेच लिहिलेली चिठ्ठी. भागाचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल मिळाल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका.

मे महिन्यात पुण्याहून भाचा आला, तेव्हा त्याने मला जे दाखवले ते त्या माणसाला ठाऊक नसणे शक्यच नाही. मदरबोर्डवरच्या ज्या चिपकडून हे सॉफ्टवेअर आकडे घेते, तिला अनेक सेन्सरांसाठी जागा असतात. त्यांतली एखादी कशालाच जोडलेली नसली तरी सॉफ्टवेअर तिची ओळ दाखवते आणि तिथे १२७ किंवा उणे असा अर्थहीन आकडा येतो. व्होल्टेजचे गणित बोर्डागणिक वेगळे असते, ते सॉफ्टवेअरला नेमके माहीत नसले की ७.९ सारखे आकडे उमटतात. बारा व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असावी लागते. ती खरोखर ७.९ वर आली असती तर मशीन सुरूच झाले नसते. दोन साधनांचे आकडे जुळत नसतील तर मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजायला सांगा, आणि दुरुस्तीवाला नाही म्हणाला तर मशीन उचलून घरी आणा.

सर्वांत संताप येतो तो याचा, की त्याच यादीत खाली प्रोसेसरच्या ओळीत ९६ अंश दिसत होते. खरे दुखणे तेच होते. आमच्याकडची जांभ्याची लाल धूळ पंख्यात बसली होती, प्रोसेसरची उष्णता बाहेर जावी म्हणून त्यावर लावलेली पेस्ट वाळली होती, आणि प्रोसेसर तापून स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करत होता. दुरुस्तीवाल्याने पंखा झाडला, नवी पेस्ट लावली आणि तोच बोर्ड मला 'नवा' म्हणून परत दिला. पाचशे रुपयांचे काम होते ते.

आणि हे मला त्याच संध्याकाळी कळायला हवे होते. मागच्या बाजूचा एक यूएसबी पोर्ट ढिला असल्याने त्याच्या आतल्या कडेला मी दोन वर्षांपूर्वी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, प्रिंटरची वायर चुकून तिथे लागू नये म्हणून. मशीन घरी आणल्यावर मी वाकून तो ठिपका पाहिला, सवयीने त्याच्या शेजारच्या पोर्टमध्ये वायर लावली आणि बिले काढायला बसले. ते पोर्ट मदरबोर्डचाच भाग असतात! बोर्ड नवा असता तर माझा ठिपका तिथे आला कुठून? बोर्ड बदलला की सहसा लायसन्स पुन्हा मागितले जाते; विंडोजने आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरने ते मागितले नाही, तेव्हा मला शंका येण्याऐवजी उलट बरेच वाटले. ज्या बोर्डाचे त्याने मला ५०० रुपये दिल्याचे दाखवले, तो माझ्या टेबलाखालीच चालत होता.

दुरुस्तीवाल्याने हात झटकले. पोलीस ठाण्यात मला दोन तास बाकावर बसवून "मशीन चालतंय ना? मग फसवणूक कसली?" असे विचारण्यात आले. दुसऱ्या खेपेला हा दिवाणी मामला असल्याचे सांगितले, तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला गेले होते. प्रत्येक खेपेला एसटीने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडला. खोटे सांगून पैसे काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे मी, आमसुले विकणाऱ्या बाईने, त्यांना वाचून दाखवले, तरी माझा अर्ज घेऊन त्यावर पोच देण्याची तसदीही कोणी घेतली नाही. चोरी झाली असती तर पंचनामा तरी झाला असता!

जुना भाग काढला असेल तर तो मागून घ्या, आणि मशीन देण्यापूर्वी झाकण उघडून बोर्डावरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा. माझ्याकडे तो २०१९ च्या मूळ बिलावर लिहिलेला होता म्हणून निभावले. बोर्डावरच्या स्टिकरशी तो अक्षरशः जुळला. ग्राहक आयोगाकडे व्यवहारापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल होते. मूळ बिल, ती चिठ्ठी, फोनवरून दिलेल्या १०,००० ची नोंद आणि लाल ठिपक्याचा फोटो जोडून मी माझी तक्रार दाखल केली आहे.