ऱ्हाइनची रंगीत कार्डं घ्यावीत की कूसीची काळी-पांढरी?

मध्ययुगीन किल्ल्यांची जुनी चित्र-पोस्टकार्डं जमवायला लागलात की पहिल्याच महिन्यात प्रश्न पडतो: जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठची रंगीत लिथो (दगडी छापाची) कार्डं घ्यायची की फ्रान्समधली, कूसीसारख्या किल्ल्यांची काळी-पांढरी? सुरुवातीला मी दोन्हींच्या मागे धावलो. खोका भरला, पण मला नेमकं काय हवंय ते कळायला दोन वर्षं गेली.

ऱ्हाइनचं कार्ड आधी डोळ्यांत भरतं. १८९० च्या दशकातलं, वळणदार अक्षरांत ‘ग्रूस फॉम ऱ्हाइन’, म्हणजे ‘ऱ्हाइनकाठून नमस्कार’ छापलेलं एखादं कार्ड हातात घेऊन बघा. एका कोपऱ्यात काउब गावाजवळ नदीच्या पात्रात उभी असलेली फाल्त्सग्राफेनश्टाइनची जकातगढी, दुसऱ्या कोपऱ्यात द्राक्षवेली, आणि मध्ये कोरी सोडलेली जागा. ही जागा मजकुरासाठी असे. जर्मनीत १९०५ पर्यंत मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची मुभा होती, त्यामुळे ख्यालीखुशाली चित्राच्याच बाजूला कोंबावी लागायची. मागची बाजू उभ्या रेघेने दुभागलेली दिसली तर कार्ड त्यानंतरचं धरायचं.

ही कार्डं भिंगाशिवाय घेऊ नका. दहापट भिंगाखाली खऱ्या लिथोत रंगांचे वेडेवाकडे ठिपके दिसतात, आणि कुठे तरी छपराचा लाल रंग रेघेबाहेर केसभर सरकलेला असतो. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, म्हणून. मला एकदा ‘अस्सल लिथो’ म्हणून आलेल्या कार्डावर ठिपक्यांच्या कवायतीसारख्या सरळ रांगा निघाल्या. नंतरच्या काळातलं पुनर्मुद्रण होतं ते. पैसे गेले, भिंग आलं.

माझी खरी अडचण मात्र चित्रातल्या किल्ल्यांशी आहे. श्टोल्त्सेनफेल्स १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केला; कार्डावर दिसतो तो प्रशियाच्या राजघराण्याने १८४२ पर्यंत नव्याने उभारलेला. ऱ्हाइनश्टाइनही पडक्या अवस्थेतून असाच नव्याने उभारलेला. काट्स १८०६ मध्ये उडवला गेला आणि १८९० च्या दशकात परत बांधला, म्हणजे कार्ड आणि किल्ला जवळपास एकाच वयाचे. त्या पट्ट्यातला कधीच न पडलेला डोंगरी किल्ला म्हणजे मार्क्सबुर्ग. (सह्याद्रीत हिंडलेल्यांना तो डोंगर टेकडीच वाटेल. तसंही तिकडच्या किल्ल्याला आपल्याकडचा जवळचा शब्द गडापेक्षा गढीच.) बव्हेरियातल्या नॉयश्वानश्टाइनचं कार्ड मध्ययुगीन म्हणून कुणी दाखवलं तर हसून पुढे जा, त्याची पायाभरणी १८६९ ची.

फ्रेंच कार्डं त्यापुढे रुक्ष दिसतात. कोपऱ्यात ‘एनडी’ किंवा ‘एलएल’ ही प्रकाशकाची आद्याक्षरं, शेजारी क्रमांक, खाली स्थळाचं नाव, बस. छपाई बहुतेक कोलोटाइप या जुन्या पद्धतीची: भिंगाखाली ठिपके नाहीत, सुरकुतलेल्या सायीसारखे बारीक दाणे. त्यामुळे दगडाचा सांधा न् सांधा मोजता येतो.

आणि मग कूसी. ‘राजा नाही, राजपुत्र नाही, ड्यूक नाही, काउंटही नाही, मी कूसीचा धनी’ असं ब्रीद मिरवणाऱ्या घराण्याचा हा किल्ला. त्यातला तेराव्या शतकातला गोल बुरूज सुमारे ५४ मीटर उंच होता. १६५२ मध्ये फ्रान्सचा तेव्हाचा मुख्य मंत्री माझारँ याच्या हुकमाने किल्ला निकामी करायला सुरुंग लावले गेले, तरी बुरूज पडला नाही. मार्च १९१७ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने टनावारी स्फोटकं लावून तो पाडला. आज तिथे दगडांचा ढीग आहे. म्हणजे १९१४ पूर्वीच्या कार्डावर दिसणारा बुरूज आता प्रत्यक्षात बघायची सोय नाही. त्याच्या शेजारी कूसीचंच जर्मन सैनिकाने धाडलेलं, तिकीट नसलेलं, लष्करी टपालाच्या शिक्क्याचं कार्ड ठेवा, आणि तिसरं १९१७ नंतरचं, ढिगाऱ्याचं. माझ्याकडची चंद्रप्रकाशातल्या ऱ्हाइनची सगळी रंगीत कार्डं या तीन कार्डांपुढे फिकी पडतात.

व्यवहारातही पारडं फ्रान्सकडेच झुकतं. साधं फ्रेंच कार्ड दोन-चार युरोंत मिळून जातं, चांगलं लिथो बरंच महाग. भारतात मागवताना टपालखर्च कार्डापेक्षा जास्त होतो, तेव्हा एकाच विक्रेत्याकडून दहा-बारा एकदम घ्या. जर्मन कार्डांवरचा मजकूर बहुधा जुन्या कुरेंट वळणात असतो. जर्मन येत असूनही मला ओळीतला एखाद-दुसराच शब्द लागतो. फ्रेंच हस्ताक्षर निदान अक्षरओळखीचं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दोन्ही तग धरतात, कारण दोन्ही म्हणजे कागदावरची शाई. खऱ्या फोटो-कार्डांवर जिलेटिनचा थर असतो, दमट हवेत तो पाकिटाला चिकटतो. ती सुरुवातीला टाळा. पाकिटं पीव्हीसीची नकोत.

वेल्सचं नावही कुणीतरी काढेलच. कॉन्वी, हार्लेक हे इंग्लंडच्या राजा पहिल्या एडवर्डचे किल्ले निर्विवाद मध्ययुगीन, आणि मजकूर इंग्रजीत. कॉन्वीच्या कार्डाचा काळ पुलांवरून लागतो: किल्ल्यापाशी जुना झुलता पूल आणि नळीसारखा रेल्वेपूल एवढेच असतील तर कार्ड १९५८ च्या नव्या रस्तापुलाआधीचं. पण दहातली आठ कार्डं नदीपलीकडून, त्याच कोनातली. मला कंटाळा आला.

भिंतीवर चौकटीत लावायला दोन-चार हवी असतील तर बिनदिक्कत ऱ्हाइन घ्या. वर्षानुवर्षं शोधत बसायचं असेल तर कूसी. दोन्हींचा मोह सुटत नसेल तर अल्सासमधला ओ-क्योनिग्सबूर बघा: १९०० पर्यंत भग्न, १९०० ते १९०८ मध्ये जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मसाठी वास्तुविशारद बोडो एबहार्टने पुन्हा उभा केलेला, आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे गेलेला. भग्न भिंतींचं, मग जर्मन नावाचं, मग फ्रेंच नावाचं, अशी तीन कार्डं लागतील. शेवटची दोन सहज मिळतील. पहिल्यासाठी मी अजून थांबलोय.