सिबेलियस ते तुबिन: फिनलंड-बाल्टिक सिंफनींची कोणती ध्वनिमुद्रणं घ्यावीत

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या सात सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) ऐकायच्या ठरवल्या की हात आधी बर्नस्टाइन, कारायान, कॉलिन डेव्हिस या मोठ्या संचालकांच्या नावांकडे जातो. ही माणसं थोर आहेत, पण खरेदीच्या दृष्टीनं एक अडचण लगेच सांगतो: कारायाननं तिसरी सिंफनी कधीच ध्वनिमुद्रित केली नाही, त्यामुळे त्याच्या नावाचा पूर्ण संच असूच शकत नाही. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. हे संगीत तळातून, चेलो, डबल बास आणि बासून या खालच्या पट्टीतल्या वाद्यांमधून वर येतं आणि मधल्या सुरांच्या हालचालीवर उभं राहतं. तंतुवाद्यांचा भला मोठा ताफा आणि घुमणारं सभागृह एकत्र आलं की वरची चाल तेवढी ऐकू येते, मधलं सगळं लगद्यासारखं होतं. म्हणून इथे संचालकाच्या प्रसिद्धीपेक्षा वाद्यवृंदाचा आकार आणि ध्वनिमुद्रणाची जागा आधी बघावी.

या कसोटीवर पहिला क्रमांक फिनिश संचालक पावो बर्गलुंडच्या तिसऱ्या संचाचा. बर्गलुंडनं सातही सिंफनी तीनदा ध्वनिमुद्रित केल्या: १९७० च्या दशकात बोर्नमथच्या वाद्यवृंदाबरोबर, १९८० च्या दशकात हेलसिंकी फिलहार्मोनिकबरोबर (दोन्ही ईएमआय लेबलसाठी) आणि १९९० च्या दशकात चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपबरोबर, फिनलँडिया लेबलसाठी (लेबल म्हणजे ध्वनिमुद्रण काढणारी कंपनी). हा तिसरा वाद्यवृंद नेहमीच्या सिंफनी वाद्यवृंदापेक्षा बराच लहान. परिणाम सहाव्या सिंफनीच्या पहिल्या दोन मिनिटांत कळतो. व्हायोलिनच्या ओळी एकमेकींवर सरकताना प्रत्येक ओळ वेगळी धरता येते. बर्गलुंड मूळचा व्हायोलिनवादक, शिवाय सातव्या सिंफनीची छापील प्रत हस्तलिखिताशी ताडून त्यातल्या चुकांवर त्यानं १९७० मध्ये स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो काटेकोरपणा वादनात उतरला आहे.

या संचाची उणीवही स्पष्ट आहे. पहिली आणि दुसरी सिंफनी अजून चायकोव्हस्कीच्या सावलीतल्या आहेत, त्यांना अंगभर आवाज लागतो. दुसरीचा शेवटचा भाग इथे नेटका वाटतो, भव्य नाही. त्या दोनसाठी लाइफ सेगेरस्टामचा हेलसिंकी फिलहार्मोनिकबरोबरचा, ओन्डीन लेबलचा संच घ्यावा. सेगेरस्टाम लय सैल सोडतो, पितळी वाद्यांना मोकळं रान देतो आणि पहिल्या दोन सिंफनींत ते शोभतं. तिसरीत मात्र तोच मोकळेपणा जड होतो. (स्वतः सेगेरस्टामनं साडेतीनशेच्या वर सिंफनी लिहिल्या, त्यातल्या बहुतेक संचालकाशिवाय वाजवायच्या. त्यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये.)

ओस्मो व्हान्स्काचा लाहती सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचा संच, लेबल बीआयएस, हा दुसरा खांब. लाहती म्हणजे जेमतेम सव्वा लाख वस्तीचं शहर, आपल्या बार्शीएवढं. तिथलं लाकडी सिबेलियस सभागृह २००० मध्ये उघडलं, पण हा संच त्याआधीचा. तो आल्वार आल्तोनं रचलेल्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाला. चर्चचा घुमारा आहे, पण मायक्रोफोन अशा बेतानं लावलेत की तळाचे सूर फुगत नाहीत. व्हान्स्का स्वरलिपीतली हळू आवाजाची खूण अक्षरशः पाळतो आणि इथेच घरी ऐकणाऱ्याची पंचाईत होते. पंखा चालू असलेल्या खोलीत हे हळू भाग ऐकूच येत नाहीत, म्हणून आवाज वाढवला जातो, आणि पाच मिनिटांनी ट्रॉम्बोन अंगावर येतात. उपाय सोपा आहे: दुसऱ्या सिंफनीची शेवटची दोन मिनिटं आधी लावायची, ती सोसवतील इतका आवाज ठेवायचा आणि मग सुरुवातीपासून ऐकायचं, मध्ये बटणाला हात लावायचा नाही. कान पूर्ण झाकणारा हेडफोन असेल तर उत्तम.

याच संचालकाच्या नावानं पाचवी शोधताना हमखास घोटाळा होतो. व्हान्स्काच्या तीन पाचव्या उपलब्ध आहेत: लाहतीची नेहमीची, लाहतीचीच १९१५ ची मूळ आवृत्ती आणि नंतरची मिनेसोटा ऑर्केस्ट्राची. सिबेलियसनं ही सिंफनी १९१५ मध्ये लिहिली, १९१६ मध्ये बदलली आणि १९१९ मध्ये आज वाजते त्या रूपात आणली. मूळ आवृत्ती चार भागांची, अंतिम तीन भागांची. पण ट्रॅक मोजून फसू नका, कारण काही तबकड्यांवर अंतिम आवृत्तीचा पहिला भागही दोन ट्रॅकमध्ये तोडलेला असतो आणि बेरीज चारच येते. खरी खूण सुरुवातीला आणि शेवटी आहे. अंतिम आवृत्ती हॉर्नच्या हाकेनं उघडते. १९१५ मध्ये ती हाक नाही. अंतिम आवृत्ती सहा सुट्या आघातांवर संपते आणि आघातांमध्ये कोरी शांतता असते. १९१५ मध्ये ती जागा तंतुवाद्यांच्या थरथरीनं भरलेली आहे. दोन्ही ऐकाव्यात, पण आधी १९१९.

त्या सहा आघातांवरून स्ट्रीमिंगचं एक पथ्य. ॲपमधलं ‘क्रॉसफेड’ बंद करा. ते चालू असेल तर शेवटच्या आघातांच्या पोकळीत पुढचा ट्रॅक घुसतो. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोयही बंद ठेवा. दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडण्याची सोय मात्र चालू हवी: दुसऱ्या सिंफनीचा तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो आणि सातवी तर वीस-बावीस मिनिटांचा एकच सलग भाग आहे. तिचे काही तबकड्यांवर तुकडे केलेत आणि मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी ट्रॉम्बोनची ती तीनदा येणारी मुख्य चाल लंगडी होते.

चौथी सिंफनी विकत घेण्याआधी शेवटच्या भागातली घंटा ऐकून घ्यावी. स्वरलिपीत नुसतं ‘ग्लोकेन’ (घंटा) लिहिलंय, त्यामुळे काही संचालक चर्चच्या घंटेसारख्या लांब नळ्या वाजवतात, काही धातूच्या पट्ट्यांचं छोटं ग्लोकेनश्पील. ग्लोकेनश्पीलच बरोबर बसतं. नळ्यांनी तो कोरडा, थंड भाग एकदम देवळात जाऊन बसतो. बर्गलुंड आणि व्हान्स्का दोघांचीही चौथी पहिल्या पसंतीची. व्हान्स्काच्या मिनेसोटा संचातली पहिली आणि चौथी एकाच तबकडीवर आहेत, तिला २०१४ मध्ये ग्रॅमी मिळालं. ध्वनिमुद्रण लाहतीपेक्षा जवळचं आणि घट्ट, फक्त लाहतीतला कडवटपणा थोडा धुतला गेलाय.

क्लाउस मॅकेलाचा ऑस्लो फिलहार्मोनिकबरोबरचा डेका संच २०२२ चा. तंतुवाद्यांचा पोत अप्रतिम, सातही सिंफनींबरोबर ‘तापिओला’ हे स्वरकाव्य आणि शेवटच्या काळातले तीन तुकडेही आहेत. पण सगळे कोपरे गोल केलेत. चौथीत बोचायला हवं तिथे ती बोचत नाही. पहिला संच म्हणून नको, तिसरा म्हणून चालेल. फिनिश संचालक रॉबर्ट कायानुसनं १९३० आणि १९३२ मध्ये लंडनमध्ये केलेली पहिली, दुसरी, तिसरी आणि पाचवी खरखरीसकट ऐकण्याजोगी आहेत, कारण हा सिबेलियसचा जवळचा मित्र आणि त्याच्या लयी आजच्यापेक्षा बऱ्याच ठिकाणी चपळ आहेत.

सिबेलियसच्या पलीकडे फिनलंडमध्ये पहिलं नाव लेवी मादेतोया. तीनच सिंफनी. दुसरी १९१८ ची, फिनलंडच्या यादवी युद्धाच्या वर्षातली. त्या युद्धात त्याचा भाऊ गेला आणि संगीतकार मित्र तोइवो कूला मारला गेला. तिसरी फ्रान्समधल्या मुक्कामात आकाराला आलेली, हलकी आणि हसरी. योन स्तूरगोर्ड्सच्या हेलसिंकी फिलहार्मोनिकबरोबरच्या दोन ओन्डीन तबकड्यांत तिन्ही मिळतात. पेत्री साकारीचं आइसलँड सिंफनीबरोबरचं शँडोसचं जुनं ध्वनिमुद्रण जास्त प्रेमळ वाटतं, पण पितळी वाद्यं मागे पडतात. मेलार्तिनच्या सहा सिंफनी (लिओनिद ग्रिन, ताम्पेरे, ओन्डीन) चौकस श्रोत्यासाठी. कोक्कोनेनच्या चार कमी सुरांत जास्त बोलतात, त्या लाहतीच्या वादनात बीआयएसवर आहेत.

राउतावाराची सातवी, ‘एंजल ऑफ लाइट’, १९९४ ची. सेगेरस्टाम आणि हेलसिंकीचं ओन्डीन ध्वनिमुद्रण गाजलं ते योग्यच. पण तिच्यावरून राउतावाराच्या आठही सिंफनींचा संच मागवू नये. सुरुवातीच्या काहींत बारा सुरांचं तंत्र आहे (सप्तकातले बाराही सूर ठरावीक क्रमानं वापरायचे). तिसरी त्याच तंत्रातली असूनही ऑस्ट्रियन संगीतकार ब्रूकनरच्या सिंफनींसारखी वाहते, म्हणून सातवीनंतर तीच घ्यावी. आहोची बारावी, ‘लुओस्तो’, लॅपलँडमधल्या लुओस्तो डोंगरावर उघड्यावर वाजवायला लिहिलेली. वादक श्रोत्यांच्या चारी बाजूंना बसतात. बीआयएसची तबकडी बहुध्वनी एसएसीडी (अनेक स्पीकरांवर ऐकायची सीडी) आहे आणि ती तशीच ऐकली तर तिला अर्थ आहे. मोबाइल आणि दोन इअरफोनवर सगळे एकाच भिंतीला टेकून वाजवतायत असं वाटतं.

बाल्टिकमध्ये सर्वांत मोठी उपेक्षा एडुआर्ड तुबिनची. जन्म १९०५, १९४४ मध्ये एस्टोनिया सोडून स्वीडनला गेला, १९८२ मध्ये वारला. दहा पूर्ण सिंफनी आणि अकरावी अर्धवट. मार्च १९४४ मध्ये तालिनवर बॉम्ब पडले त्या संध्याकाळी ‘एस्टोनिया’ नाट्यगृहात त्याचाच ‘क्रात’ हा बॅले चालू होता. नाट्यगृह जळालं, चौथ्या सिंफनीच्या प्रतीलाही त्याची झळ बसली. तुबिननं तिला १९७८ मध्ये पुन्हा हात घातला.

नेमे यार्वीनं १९८० च्या दशकात बीआयएससाठी दहा सिंफनींचा संच केला, तोही एका वाद्यवृंदाबरोबर नव्हे: स्वीडिश रेडिओ, गोथेनबर्ग, बर्गेन, बाम्बेर्ग. त्यामुळे तबकडीगणिक आवाज बदलतो. बाम्बेर्गची पाचवी सगळ्यांत भरदार, सुरुवात तिथून करावी. १९४६ ची ही सिंफनी घर सोडल्यानंतरची. एस्टोनियन लोकधून, तिच्याखाली न थांबणारी चाल आणि शेवटी टिंपनीचा (मोठ्या नगाऱ्यांचा) मारा. यार्वी वेग घेतो आणि पकड सोडत नाही. दुसरी पायरी चौथीची, बर्गेनचं वादन. हिच्यात तुबिन सर्वांत गाता आहे. मग सहावी, सॅक्सोफोन आणि नृत्याच्या ठेक्यांची, पण ते ठेके हळूहळू भीतिदायक होत जातात. ज्यांना सिबेलियसची दुसरी आवडते त्यांनी तुबिनची दुसरी, १९३७ ची, घ्यावी. आठवी काळोखी आहे, ती शेवटी.

दुसरा संच आर्वो वोल्मेर आणि एस्टोनियन नॅशनल सिंफनीचा, लेबल आल्बा. वाद्यवृंद एकच असल्यानं आवाज सारखा, अकरावीचा अर्धवट भागही समाविष्ट. वोल्मेर सावकाश आणि समजून वाजवतो. नववी-दहावीत तो यार्वीला भारी पडतो, पाचवीत मात्र पाणी तापत नाही. नेमेचा मुलगा पावो यार्वी यानं सिनसिनाटी सिंफनीबरोबर टेलार्कसाठी हीच पाचवी सिबेलियसच्या दुसरीबरोबर एका तबकडीवर दिली आहे. एकच तबकडी घ्यायची असेल तर ही, दोन्ही देशांची तोंडओळख एकदम होते.

एस्टोनियाच्याच आर्वो पॅर्तच्या चार सिंफनी तोनू काल्युस्ते यानं पोलंडच्या व्रोत्स्वाफ शहरातल्या वाद्यवृंदाबरोबर ईसीएमसाठी एकत्र दिल्या (२०१८). त्याची ‘श्पीगेल इम श्पीगेल’ ही शांत रचना ऐकून आलेल्यांनी पहिलीपासून सुरुवात करू नये: १९६३ ची ती बारा सुरांत आहे आणि दुसरीत लहान मुलांची चूं चूं करणारी खेळणी वाजतात. आधी तिसरी (१९७१), मग चौथी (२००८). पावो यार्वीनं माल्मोमध्ये केलेली एस्टोनियन लेपो सुमेराच्या पहिल्या तीन सिंफनींची बीआयएस तबकडी सहज आवडेल अशी आहे.

लॅटव्हियाच्या यानिस इवानोव्सनं एकवीस सिंफनी लिहिल्या, शेवटची अपुरी. सोव्हिएत काळातल्या ध्वनिमुद्रणांत पितळी वाद्यं फाटतात, त्यामुळे संगीतकारच कर्कश वाटतो. स्कानी लेबलवर गुंतिस कुझ्मा लॅटव्हियन नॅशनल सिंफनीबरोबर या सिंफनींची नवी ध्वनिमुद्रणं करतोय, तीच घ्यावीत. उत्तरार्धातल्या सिंफनी आधी, त्या आटोपशीर आहेत. पेतेरिस वास्क्सची दुसरी आणि तिसरी ताम्पेरेचा वाद्यवृंद आणि स्तूरगोर्ड्स यांच्या ओन्डीन तबकड्यांवर आहेत, दुसरी बऱ्यापैकी लांबलेली. लिथुआनियात चुर्ल्योनिसच्या ‘जंगलात’ आणि ‘समुद्र’ या सिंफनी नाहीत, स्वरकाव्यं (एखाद्या चित्रावर वा कल्पनेवर बेतलेल्या एकसलग रचना) आहेत. दुकानदार त्यांना सिंफनींच्या रांगेत ठेवतात. खऱ्या सिंफनी हव्या असतील तर बालाकाउस्कासची चौथी आणि पाचवी, दोमार्कासच्या संचालनाखाली, नॅक्सोसवर.